बिनमिठाचा मुळा

फ्राउ एगर्ट यांचं पत्र ईस्टरच्या आधी आलं होतं, आणि यादवराव साळव्यांनी त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. दरम्यान जर्मनीत, त्यांच्या वाल्डॉर्फ गावच्या आठवडी बाजारात श्पार्गेलचे, म्हणजे शतावरीचे, पांढरे दांडे येऊन गेले, स्ट्रॉबेरी आली, तीही आता संपत आली होती.

पत्र छोटंच होतं. जाड कागदावर शाईच्या पेनानं लिहिलेलं. अक्षर मात्र ओळ सोडून वरखाली गेलेलं, एखादा शब्द मध्येच सोडून पुन्हा सुरू केलेला. ‘प्रिय हेर साळवे’ असं म्हणून फ्राउ एगर्टनी पुढं लिहिलं होतं की, माझे डोळे अजून चांगले आहेत, पण हात माझं ऐकत नाहीत. सप्टेंबरपासून शनिवारचा वर्ग तुम्ही घ्यावा असं मला वाटतं. मी शेजारी खुर्ची टाकून बसेन. सांगायचं ते सांगेन, पण हात तुमचे लागतील. नीट विचार करा आणि लिहा.

यादवरावांनी नीट विचार केला. इतका नीट केला की लिहायचं राहून गेलं.

ते मूळचे पुस्तकातले गृहस्थ. औरंगाबादहून तरुणपणी हायडलबर्गला आले ते विद्यापीठाच्या ग्रंथालयात मराठी-हिंदी पुस्तकांची सूची करायला, आणि निवृत्त होईपर्यंत तेच करत राहिले. जर्मनमधले भलेमोठे ग्रंथ त्यांनी वाचून काढले, पण बेकरीत ब्रेड मागायचा तरी दाराबाहेर थांबून वाक्य मनातल्या मनात म्हणून बघायचे. द्रौपदीबाईंचं सगळं उलटं. त्यांनी इथल्या एका पाळणाघरात पोरांचा स्वयंपाक करण्यात हयात घालवली. त्यांचं जर्मन व्याकरणाच्या वाटेला कधी गेलं नाही आणि त्यामुळे त्यांचं कुठं अडलंही नाही. बाजारातल्या भाजीवाल्यापासून घरमालकापर्यंत सगळ्यांना त्या हक्कानं झापत, आणि सगळे त्यांना भिऊन आणि धरून असत.

निवृत्तीनंतर यादवरावांच्या हाती एक पुस्तक लागलं. जपानी तलवारींच्या मुठींचं. मूठ आणि पातं यांच्यामध्ये जी धातूची चकती असते, तिच्यावर लाकडाच्या फळीवर असाव्यात तशा रेषा उमटलेल्या होत्या. रंगवलेल्या नव्हेत, कोरलेल्याही नव्हेत. तांबं, चांदी आणि एक काळा पडणारा मिश्र धातू, यांचे पातळ पत्रे एकावर एक रचायचे, भट्टीत तापवून एकजीव करायचे, मग ठोकायचे, वरून छिन्नीनं खोदायचे आणि पुन्हा ठोकून सपाट करायचे. खोदलेल्या जागी खालचे थर वर येतात आणि रेषा दिसायला लागतात. या प्रकाराला जपानीत मोकुमे-गाने म्हणतात, लाकडाच्या रेषांचा धातू. यादवरावांनी ते पुस्तक वाचलं, मग त्यात उल्लेख केलेली दुसरी पुस्तकं मागवली, ती वाचली, आणि मग पहिलं पुस्तक पुन्हा वाचायला घेतलं. तेव्हा सून कीर्ती म्हणाली, “बाबा, हे लोक शिकवतात पण. हायडलबर्गला फोल्क्सहोखशूलेचा, मोठ्यांच्या शाळेचा, वर्ग आहे. मी तुमचं नाव घालून टाकलंय, आता नाही म्हणायचं असेल तर तुम्हीच फोन करा त्यांना.”

फोन करण्यापेक्षा वर्गाला जाणं सोपं होतं.

फ्राउ एगर्ट तरुणपणी काही वर्षं जपानात, उत्तरेकडच्या एका गावी, एका वृद्ध कारागिराकडे राहून हे काम शिकून आल्या होत्या. पहिल्याच दिवशी त्यांनी यादवरावांना विचारलं, तुम्हाला यातलं काय माहीत आहे? यादवराव घाबरले की माहिती सांगतात. त्यांनी तलवारीच्या चकत्यांचा सगळा इतिहास सांगितला. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं आणि हातोडी त्यांच्या हातात दिली. “गेनाऊ, अगदी बरोबर. माझ्यापेक्षा तुम्ही जास्त वाचलंय, हेर साळवे. आता ठोका.”

ते ठोकणं आता पाच-सहा वर्षं चाललं होतं. हात फारसा चपळ नव्हता. वर्गात हेर फोग्ट म्हणून एक दातांचे डॉक्टर येत. त्यांचा हात असा स्थिर की बघत राहावं. यादवरावांना पत्र आलं तेव्हा पहिला विचार हाच आला की बाईंनी पाकिटावर चुकून आपलं नाव घातलं असावं. ते पत्र खरं तर फोग्टांचं. आपण दर वेळी दहादा विचारतो, धातूकडे नुसतं टक लावून बसतो, इतरांच्या अंगठ्या होऊन बोटात जातात तेव्हा आपला पत्रा अजून ऐरणीवरच असतो. असल्या माणसाला वर्ग द्यायचा म्हणजे काय?

पण हे लिहायचं कसं? हो लिहिण्याची हिंमत नव्हती आणि नाही लिहिलं तर बाईंचं मन मोडणार. नात उर्जा म्हणाली होती, मी ई-मेल लिहून देते, दोन मिनिटांचं काम आहे. पण हातानं लिहिलेल्या पत्राला हातानंच उत्तर द्यायला हवं, असं यादवरावांचं म्हणणं. आठवडे जात राहिले. शनिवारी वर्गात बाई पत्राबद्दल चकार शब्द काढत नसत, आणि यादवरावही काढत नसत.

जूनमधल्या एका शनिवारी मात्र निभावलं नाही.

बाईंची कार्यशाळा एका जुन्या घराच्या मागच्या अंगणात होती, पूर्वी सायकल दुरुस्तीचं दुकान असलेली खोली. त्या दिवशी वर्गातल्या एका बाईंचे थर भट्टीत होते. लोखंडी पट्ट्यांमध्ये आवळलेली ती विटेएवढीही नसलेली चवड लाल झाली होती, आणि सगळे तिच्याकडे बघत होते. थरांच्या कडेला चकाकी आली, घाम फुटावा तशी, की ती क्षणभरही आत ठेवायची नाही. जास्त वेळ राहिली तर सगळं वितळून गोळा होतं, आणि लवकर काढली तर थर नंतर सुटे होतात. फ्राउ एगर्टनी ती चकाकी सगळ्यांच्या आधी पाहिली. “आता!” म्हणाल्या आणि सांडशी घेऊन पुढं झाल्या. सांडशी भट्टीच्या विटेवर वाजली. एकदा, मग पुन्हा. टक् टक् टक् असा आवाज व्हायला लागला आणि थांबेना. कुणी छताकडे बघितलं, कुणी आपल्या ॲप्रनच्या गाठीकडे. यादवराव शेजारीच होते. त्यांनी सांडशीवर हात ठेवला, ती आपल्याकडे घेतली, चवड उचलून ऐरणीवर ठेवली.

नंतर कॉफीच्या वेळी बाई म्हणाल्या, “आल्झो, तर तुम्हा सर्वांना सांगायचं आहे. सप्टेंबरपासून हा वर्ग नाही. शुक्रवारी मी फोल्क्सहोखशूलेला तसं कळवून टाकते.”

“असं कसं?” हेर फोग्ट म्हणाले. “दुसरं कुणी बघा ना. कुणाला विचारलंत का?”

“विचारलं होतं एकाला.” बाई कपाकडे बघत होत्या. दोन्ही हातांनी धरला होता तो त्यांनी. “उत्तर आलं नाही. म्हणजे उत्तर आलंच.”

“मग दुसऱ्याला विचारा. मीसुद्धा...”

“तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं काम करता, हेर फोग्ट. पण कुणी शेजारी चुकत असेल तर तुम्हाला दिसत नाही.” त्या हसल्या. फोग्टही हसले, कारण ते खरं होतं.

यादवरावांच्या कपातली कॉफी गार झाली. त्यांना तिथल्या तिथं बोलायचं होतं. वाक्य त्यांनी मनात जुळवलं, तपासलं, पुन्हा जुळवलं. तोवर सगळे कप धुवायला उठले होते.

घरी पोचल्यावर द्रौपदीबाईंनी दारातच विचारलं, “काय म्हणाल्या तुमच्या बाई?”

“वर्ग बंद करतायत.”

“अगं बाई! आणि तुम्ही काय म्हणालात?”

“मी कॉफी प्यायलो.”

द्रौपदीबाईंनी कमरेवर हात ठेवले. “अहो, एवढी वर्षं दर शनिवारी सकाळचा चहा अर्धा टाकून गाडी पकडता, तिथं जाऊन करता काय मग?”

“शिकतो.”

“अजून?”

“तुला नाही कळायचं. बाई बाजूला असतात, नुसती मान हलवतात, तेवढ्यावर माझं काम होतं. एकट्यानं मी काही केलंय का आजवर? साधा रंगसुद्धा एकट्यानं चढवला नाही.”

“मग चढवून बघा की! कोणी धरलंय?”

त्या रागानं बोलल्या होत्या, पण यादवरावांच्या ते मनात बसलं. कीर्तीच्या चाळिसाव्या वाढदिवसासाठी त्यांनी कानातले टॉप्स करायला घेतले होते. दोन लहान गोल चकत्या. ठोकून, खोदून, घासून तयार होत्या, मागं चांदीची काडी जोडून झाली होती. राहिला होता तो फक्त रंग. आणि या कामात सगळं रंगावर येऊन ठरतं. रंगाआधी थर असून नसल्यासारखे असतात, सगळं एकसारखं गुलाबी-पांढरं दिसतं. तांब्याच्या क्षारांचं हिरवट पाणी मंद उकळत ठेवायचं आणि त्यात तुकडा बुडवायचा, की तांबं विटेसारखं लाल होतं, काळा मिश्र धातू जांभळाच्या सालीसारखा होतो, चांदी पांढरी राहते, आणि दडलेल्या रेषा वर येतात. आपल्या घरी, बाईंशिवाय, हा रंग आला तर हो लिहायचं. नाही आला तर नाही लिहायचं. यादवरावांनी स्वतःची परीक्षा ठरवली. परीक्षा ठरवली की त्यांना नेहमीच बरं वाटत असे.

बुधवारी सकाळी त्यांनी बाल्कनीत विजेची शेगडी मांडली. स्वयंपाकघरात ते हिरवं पाणी आणायला सक्त मनाई होती आणि ते बरोबरच होतं, पाणी विषारी. भांडंही वेगळं, काचेचं. चकत्या बारीक कोळशानं घासल्या, सोड्यानं धुतल्या, तांब्याच्या तारेला अडकवल्या. एकदा धुतल्यावर बोट लावायचं नाही. बोटाचं तेल लागलं की तिथं डाग.

राहिला होता मुळा.

ही या कामातली सगळ्यात जुनी रीत. रंगाच्या पाण्यात घालण्याआधी तुकडा किसलेल्या मुळ्यात बुडवायचा, त्या रसासकट पाण्यात सोडायचा. मुळ्यानं नेमकं काय होतं याबद्दल यादवरावांनी तीन पुस्तकांत तीन मतं वाचली होती. फ्राउ एगर्ट म्हणायच्या, मुळा वापरला नाही तर रंग ठिगळासारखा येतो, मला एवढं पुरे आहे. त्या जपानी मुळ्याच्या मागं लागत नसत, इथला साधा पांढरा रेटिश आणत. यादवरावांनी तोच बाजारातून आणला, स्वयंपाकघरात ओट्याजवळ उभं राहून बारीक किसला, काचेच्या वाडग्यात ठेवला आणि पाणी कितपत तापलंय ते बघायला बाल्कनीत गेले. पाणी नुसतं तापायला वेळ लागतो. ते तिथंच उभे राहिले.

परत आले, वाडगा उचलला, बाल्कनीत नेला.

तार मुळ्यात बुडवली, मग पाण्यात. सावकाश हलवत राहिले. काही वेळानं उचलून बघितलं. रंग चढायला लागला होता. पुन्हा मुळा, पुन्हा पाणी. दुसऱ्यांदा उचललं आणि उजेडात धरलं. एका चकतीवर राखाडी ठिपके होते. दुसरीवर तर कडेनं हिरवट ओघळ, बंद घरातल्या नळाखाली पडतात तसे. तांबं लाल व्हायचं तिथं मातकट झालं होतं. त्यांनी पुन्हा बुडवलं, आणखी हलवलं. डाग वाढले.

शेगडी बंद केली. वाडगा, तार, चकत्या सगळं तिथंच ठेवलं आणि ते आत येऊन टेबलाशी बसले. निदान उत्तर तरी मिळालं. चांगला कागद काढला. आणि नवल म्हणजे नकार त्यांना एका दमात लिहिता आला. ‘आपण दाखवलेल्या विश्वासाबद्दल ऋणी आहे, परंतु माझी योग्यता नाही.’ कुठं अडखळले नाहीत, शब्दकोश उघडावा लागला नाही. पाकिटात घालून वर पत्ता लिहिला. तिकीट मात्र शेल्फवरच्या डब्यात होतं, आणि तेवढ्यात उर्जा शाळेतून आली, म्हणून उठायचं राहिलं.

बुधवारी उर्जा जेवायला आजीकडे यायची. चौदा वर्षांची, उंच, कानात सतत इअरफोन घातलेले. मराठी तिला सगळं कळायचं, उत्तर मात्र जर्मनमधून. द्रौपदीबाईंनी वरण-भात वाढला, भाजी वाढली आणि मग ओट्यावर इकडेतिकडे बघायला लागल्या.

“अहो, माझा मुळा कुठंय?”

“कुठला मुळा?”

“आता कुठला म्हणजे! किसून ठेवलेला होता की वाडग्यात. मी म्हटलं, सूर्य पश्चिमेला उगवला, यांनी कोशिंबिरीला मुळा किसून दिला. मीठ लावून ठेवला होता मी, पाणी सुटायला. चांगलं चोळून. मग कपडे वाळत घालायला खाली केलरमध्ये, तळघरात, गेले, तर वाडगा गायब.”

यादवरावांचा घास हातातच राहिला.

“मीठ लावलंस?”

“मग काय, तसाच खाता? तिखट नाही का लागणार? दाण्याचं कूट काढून ठेवलंय हे बघा.” मग त्यांचं लक्ष नवऱ्याच्या तोंडाकडे गेलं. “काय झालं? अहो, असं काय बघताय?”

यादवरावांनी सावकाश सगळं सांगितलं. मुळा कशाला होता ते, आणि ओल्या तांब्याला मीठ लागलं की काय होतं ते. उर्जाला आधी नीट उमगलं नाही, मग तिनं इअरफोन काढून ठेवले आणि “नाइन! ओमा!” असं आजीकडे बघून ओरडून टेबलावर डोकं टेकून हसायला लागली. जर्मनमधून म्हणाली, आजीनं आईच्या कानातल्यांची कोशिंबीर केली.

“तू गप गं!” द्रौपदीबाई म्हणाल्या, पण त्यांचा चेहरा उतरला होता. “मला काय माहीत? मुळा किसलेला दिसला की मी मीठ लावणार. आईनं हेच शिकवलं. सांगायचं नाही का तुम्ही? घरात बोलायला काय पैसे पडतात?”

“माझंच चुकलं.”

“नाही, माझं चुकलं. पण तुमचं जास्त.” मग टेबलावरचं पाकीट त्यांना दिसलं. “हे काय? लिहिलंत? काय लिहिलंत?”

“नाही म्हणून लिहिलंय.”

“का?”

“रंग नासला म्हणून.”

“अहो, पण तो तर मी नासवला!”

“मला कळायला हवं होतं. पहिल्यांदा बाहेर काढलं तेव्हाच काहीतरी बिनसल्याचं दिसत होतं. बाई असत्या तर त्यांनी मुळा आधी जिभेवर ठेवून बघितला असता.”

द्रौपदीबाईंनी पाकीट उचलून फ्रिजवर ठेवलं, यादवरावांचा हात पोचेल पण सहज नाही अशा ठिकाणी. “जेवा आधी. मग परत करायचं. पुसून जातो का तो रंग?”

“घासून काढावा लागेल. पुन्हा पहिल्यापासून.”

“मग काढा. आणि एक मी करणार.”

“तू?”

“मी नासवलं, मी करणार. दोनातला एक माझा. मुळा अजून अर्धा आहे फ्रिजमध्ये.”

यादवरावांनी नको म्हणून पाहिलं. पण एकदा ठरवलं की द्रौपदीबाईंना नको म्हणणं या घरात अजून कुणाला जमलेलं नव्हतं.

घासायलाच दुपार गेली. कोळशाचा तुकडा पाण्यात बुडवून गोल फिरवायचा, जोर द्यायचा नाही. द्रौपदीबाईंनी जोर दिला. “हळू,” यादवराव म्हणाले. “कढईचं बूड नाही घासत आहोत. बोटांनी घास, खांद्यानं नको. हां. आता आवाज ऐक. खरखर येतेय ना, ती बारीक झाली की थांबायचं.”

“किती वेळानं?”

“वेळेचं मला ठाऊक नाही. आवाजाचं ठाऊक आहे.”

मग सोड्यानं धुणं. पाणी चकतीवरून एकसंध वाहतंय का थेंब थेंब होतंय ते बघायचं, थेंब झाले तर तेल राहिलंय. द्रौपदीबाईंनी चकती उजेडात धरायला बोट पुढं केलं.

“बोट नको!”

आवाज एवढा मोठा होता की आतून उर्जा बाल्कनीच्या दारात आली. द्रौपदीबाई थबकल्या. मग त्यांच्या डोळ्यांत हसू आलं. “अगोबाई! ओरडता येतं की तुम्हाला.”

“बोट लागलं की डाग पडतो,” यादवराव खालच्या आवाजात म्हणाले. “माझ्या पहिल्या अंगठीवर आख्खा अंगठा उमटला होता. तारेला धर. इथं, या वळणापाशी. इथं धरलं तर निसटत नाही, माझी तीनदा पाण्यात पडलीय.”

बिनमिठाचा मुळा किसून झाला. या वेळी यादवरावांनी चिमूट जिभेवर ठेवून बघितला. झोंबला, डोळ्यांत पाणी आलं. बरोबर होता.

दोघं शेगडीशी उभी राहिली. प्रत्येकाच्या हातात एक तार. यादवराव सांगत होते. आता बुडव, आता हलव, थांबवू नकोस, थांबलं की एकाच बाजूला चढतो. आता काढ. पहिला रंग कांद्याच्या सालीचा येतो. बघ, आला. इथं खूश होऊन थांबायचं नाही, मी एकदा थांबलो होतो, दुसऱ्या दिवशी सगळं फिकं पडलं. परत मुळा. आता विटकरीकडे जाईल. काळा धातू अजून तपकिरीच दिसतोय म्हणून घाबरू नकोस, तो शेवटी वळतो. मी घाबरून आणखी उकळलं होतं, तर तांबं करपल्यासारखं झालं. हात दुखतोय का? मग कोपर टेकव. नाही, कठड्याला नको, तिथं कंप येतो. पोटाशी धर.

मध्येच उर्जानं विचारलं, आजोबा, तुम्ही तुमच्या चकतीकडे का बघत नाही? जर्मनमधून विचारलं, पण यादवरावांनी मराठीतून, मान न वळवता, उत्तर दिलं, “माझं होईल. हिचा काळा आता वळतोय, गप.”

द्रौपदीबाईंच्या चकतीवर तो काळा वळला. आधी नुसती छटा, मग जांभळाच्या सालीचा खोल रंग, आणि त्याच्या मधून लाल आणि पांढऱ्या रेषा, झाडाचा बुंधा आडवा कापल्यावर दिसतात तशा, एकीतून एक निघालेल्या. “हे मी केलं?” एवढंच म्हणाल्या.

दोन्ही चकत्या धुऊन, कोरड्या करून, पांढऱ्या फडक्यावर ठेवल्या. द्रौपदीबाई आता त्यांवर नुसत्या श्वासानंसुद्धा डाग पडेल की काय अशा लांबून बघत होत्या. यादवरावांनी उर्जाला म्हटलं, “कोणती आजीची, सांग.”

उर्जानं खाली वाकून दोन्ही निरखल्या. एक जराशी कडेला फिकी होती. दुसरी एकसारखी, स्वच्छ. तिनं स्वच्छ चकतीकडे बोट दाखवलं, लांबूनच. “दीझे. ही आजोबांची. क्लार, उघड आहे.”

“ती आजीची,” यादवराव म्हणाले.

“एश्त? खरंच?”

“माझी फिकी झाली. लक्ष नव्हतं.”

उर्जा खांदे उडवून जर्मनमध्ये म्हणाली, मग तुम्हाला करण्यापेक्षा सांगताच जास्त चांगलं येतं. तिनं ते सहज म्हटलं आणि इअरफोन पुन्हा कानात घालून आत गेली.

यादवराव बाल्कनीत खुर्चीवर बसले. आपल्याला येतं असं त्यांना अजूनही वाटत नव्हतं. फोग्टांचा हात आपल्यापेक्षा स्थिर आहे, हे होतंच. बाईंना जे येतं त्याचा पावही आपल्याला येत नाही, हेही होतंच. पण द्रौपदीच्या शेजारी उभं राहिल्यावर त्यांना आपल्याला येतं की नाही हे आठवलंच नव्हतं. तिचं कुठं चुकेल तेवढंच दिसत होतं, आणि त्यातलं बहुतेक सगळं त्यांनी स्वतः एकेकदा चुकून ठेवलेलं होतं. पत्रात बाईंनी मागितलं होतं ते एवढंच असेल का? सांडशी घ्यायला एक हात, आणि शेजारच्याकडे बघणारे आणखी दोन डोळे. कारागीर त्या स्वतः होत्याच.

“पोस्टाची पेटी किती वाजता रिकामी करतात गं?” त्यांनी विचारलं.

“सहाला. का?” द्रौपदीबाईंनी घड्याळ बघितलं. “चला उठा. फ्रिजवरचं काढू का?”

“ते नको. कागद दे.”

या वेळी अडखळले. दोन ठिकाणी खोडलं. एका नामाचं लिंग आठवेना, शब्दकोशाकडे हात गेला आणि मग गेला तसा परत आला. त्यांनी लिहिलं:

‘प्रिय फ्राउ एगर्ट, उत्तराला फार उशीर झाला, त्याबद्दल क्षमा करा. सप्टेंबरमध्ये मी येईन. मला सगळं येत नाही, पण कुठं बिघडतं ते बऱ्यापैकी माहीत आहे. तुमची खुर्ची भट्टीच्या उजव्या बाजूला ठेवू या, तिथून थरांची कड दिसते आणि उजेड डोळ्यांवर येत नाही. कृपया शुक्रवारी काही कळवू नका. आपला, यादवराव साळवे.’

“वाचून दाखवा,” द्रौपदीबाई म्हणाल्या. त्यांनी वाचून दाखवलं. “खुर्चीचं चांगलं लिहिलंत,” त्या म्हणाल्या, आणि डब्यातून तिकीट काढून जिभेला लावायला गेल्या. मग ते नुसतं चिकटवायचं असतं हे आठवून चिकटवलं.

पेटी कोपऱ्यावरच्या बसथांब्यापाशी होती. दोघं चालत गेली. संध्याकाळचं ऊन अजून चांगलं वर होतं, आणि ऑफिसातून सुटलेली माणसं सायकलींवरून घरी चालली होती. यादवरावांनी पाकीट पेटीच्या फटीत अर्धं घातलं आणि तसंच धरून ठेवलं.

“काय झालं?”

“उद्या पोचेल ना नक्की?”

“पोचेल.”

“आणि त्यांनी दुसऱ्या कुणाला विचारलं असलं तर?”

“तर तुम्ही शनिवारी नेहमीसारखे कॉफी प्यायला जाल. सही केलीत?”

“केली.”

“मग सोडा की आता! मागं माणूस उभा आहे.”

मागं खरंच एक म्हातारा जर्मन गृहस्थ हातात पोस्टकार्ड घेऊन उभा होता. यादवराव ओशाळले. “एन्टशुल्डिगुंग,” अशी माफी मागितली, मनात आधी न म्हणता, आणि त्यांनी बोटं उघडली. पाकीट आत पडल्याचा आवाज आला.